बंडाची गोष्ट आणि वेशीवरचा माणूस

थॉमस पाकेनहॅम यांचे 'द इयर ऑफ लिबर्टी' हे १९६९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आयर्लंडमधील १७९८ च्या बंडावर लिहिलेले आहे. इतिहासाची पुस्तके आपण बहुधा परीक्षेसाठी वाचतो. हे पुस्तक तसे वाचता येत नाही. ते कादंबरीसारखे ओढून नेते. डब्लिनमध्ये ओलिव्हर बाँडच्या घरी पुढारी जमतात आणि आतल्याच एकाने बातमी पोचवलेली असल्यामुळे १२ मार्चला पकडले जातात. मे महिन्यात लॉर्ड एडवर्ड फिट्झजेरल्डला पोलीस गाठतात. मग शस्त्रे सरकारजमा करा असे आधी लोकांना सांगणारा एक खेड्यातला पाद्री, फादर जॉन मर्फी, वेक्सफर्ड परगण्यात बंडाच्या अग्रभागी उभा राहतो. लांब दांड्याचे भाले घेतलेले शेतकरी तोफांवर चालून जातात आणि २१ जूनला व्हिनेगर हिलवर सारे कोसळते. तीस हजार माणसे मेली, असा पाकेनहॅम यांचा अंदाज आहे.

मी सांगली जिल्ह्यातला, इतिहास शिकवणारा माणूस. आयर्लंड मी पाहिलेले नाही. तरीही हे पुस्तक वाचताना मला ते परके वाटले नाही, त्याला एक उघड कारण आहे. व्हिनेगर हिलवर बंडखोरांना चिरडणारा जनरल लेक हाच पाच वर्षांनी, १८०३ मध्ये, लासवारीला शिंद्यांच्या फौजेसमोर उभा होता. बंडाच्या अखेरीस आयर्लंडचा कारभार पाहायला आलेला कॉर्नवॉलिस हा त्याआधी बंगालमध्ये कायमधाऱ्याची पद्धत लावून गेलेला होता. साम्राज्याची माणसे तीच होती, फक्त मुलूख बदलत होता.

दुसरे कारण मात्र मला हळूहळू उमगले आणि तेच या लेखाचे निमित्त आहे. पाकेनहॅम हे आयर्लंडमधील जमीनदार घराण्यातले. त्यांच्या हाताशी सरकारी बाजूची पत्रे, खलिते, अहवाल यांचा ढीग होता; बंडखोरांच्या बाजूचे कागद फार थोडे. भाला घेऊन चालणाऱ्या भूमिहीन मजुराने पत्र लिहिलेले नाही. त्यामुळे पुस्तकात लाटसाहेबाची चिंता आपल्याला आतून कळते आणि मजूर मात्र गर्दी म्हणून, आरोळी म्हणून, धूळ म्हणून दिसतो. लेखकाने लबाडी केली असे मी म्हणत नाही; त्याने सरकारचा निर्दयपणाही झाकलेला नाही. पण चित्र जितके ठसठशीत, तितके ते कोणाच्या डोळ्यांनी काढले आहे हे विसरायला लावणारे असते.

याच बंडात ५ जूनला स्कलाबोग येथे बंडखोरांच्या ताब्यातील माणसांना मारण्यात आले. शंभराहून अधिक माणसे, त्यांत बायका आणि मुले. बहुतेक एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळली गेली. पकडलेले बहुसंख्य प्रॉटेस्टंट होते, परंतु मेलेल्यांत काही कॅथलिकही होते. या काही जणांपाशी मी थांबलो. ते बंडखोरांच्याच धर्माचे. तरीही त्यांना विरुद्ध बाजूचे मानले गेले. बंडाच्या दिवसांत माणूस कोणत्या बाजूचा, हे कोण ठरवतो? त्याचा धर्म, की त्याचे मन, की तो कोणाच्या दारातली भाकरी खातो ते?

हा प्रश्न घेऊन मी माझ्या जिल्ह्याच्या बंडाकडे परत आलो.

सातारच्या प्रतिसरकारची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. निदान तिचे ठळक प्रसंग तरी ठाऊक आहेत. त्या वेळी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर लोकांनी झेंडा लावला. ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळ्या झाडल्या गेल्या. मग चळवळ भूमिगत झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. २४ जुलैला सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा पाटील आणि सोबती भर दिवसा बाहेर पडले, पुराने भरलेल्या कृष्णेच्या दिशेने धावले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव गोळ्यांनी गेले. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. (त्याच दिवशी बाबासाहेब त्रेपन्न वर्षांचे झाले. योगायोगच, पण आमच्या डोळ्यांना तो दिसल्याशिवाय राहत नाही.) नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलची तुफान सेना, गावोगावची न्यायदान मंडळे, स्वस्तातली गांधी-लग्ने हे सारे मिळून एक विलक्षण कथा होते. आयरिश लोकांनी १९२० मध्ये इंग्रजांची न्यायालये बाजूला सारून स्वतःची न्यायालये चालवली होती. तसे काही हिंदुस्थानात सलग दोन-तीन वर्षे कोठे जमले असेल तर ते थोड्या ठिकाणी, आणि त्यांत सातारा पुढे.

या कथेचा अभिमान मला आहे, आणि तो मी कोणाकडून उसना घेतलेला नाही. सत्यशोधक जलशांनी नांगरलेल्या भूमीत ती उगवली. नाना पाटील स्वतः तलाठ्याची नोकरी सोडून आलेले, शेतकऱ्याच्या बोलीत बोलणारे. अस्पृश्यता निवारण त्यांच्या कार्यक्रमात होते. तेव्हा 'हे सारे वरच्या जातींचे राजकारण' असे म्हणून पाठ फिरवणे सोपे आहे, पण खोटे आहे.

आता या कथेचा ठसा कशामुळे उमटतो ते पाहू. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' घ्या, कार्यकर्त्यांच्या आठवणी घ्या, गावच्या स्मारकासमोर होणारी भाषणे घ्या. सर्वांत जिवंत काय असते? रात्र असते. पोलीस दिवसाचे, प्रतिसरकार रात्रीचे. अंधारातून चार जण चालत येतात, उसाच्या फडातून, ओढ्यातून, गावाच्या कडेने. कोणाच्या तरी वस्तीवर भाकरी मिळते. पहाट व्हायच्या आत ते पुढच्या गावी. ब्रिटिश मुलूख संपून औंध संस्थानची हद्द कोठे लागते हे त्यांना पाठ असते. कुंडल त्याच संस्थानातले. वाचणारा विद्यार्थी त्यांच्याबरोबर श्वास रोखून चालतो.

अशा वेळी तो विद्यार्थी एक साधी गोष्ट विचारीत नाही, कारण कथा त्याला विचारायला सवडच देत नाही. त्या काळच्या खेड्यात रात्र राखण्याचे काम कोणाचे होते?

उत्तर सरकारी दप्तरात आहे. ते काम वतनदार महाराचे होते, आणि आमच्या भागात रामोशाचेही. १८७४ च्या वतन कायद्याने ते बांधलेले होते. वेस राखायची, रात्री गस्त घालायची, गावात परका माणूस आला तर पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी टपाल पुढच्या गावाच्या महाराच्या हाती पोचवायचे, वसुलाचा पैसा तालुक्याला जाताना सोबत चालायचे, साहेब आला की घोडा धरायचा, बेवारशी मढे सापडले की त्यापाशी बसून राहायचे. याला आमच्याकडे तराळकी म्हणत, कोठे येसकरकी. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथेच्या नावातच तो शब्द घातला, 'तराळ-अंतराळ'. फलटणकडच्या बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये घुंगराची काठी घेऊन निघणारा येसकर आहे. त्या काठीचा मान सांगताना त्यांच्या लेखणीला जी कडू धार येते, ती वाचकांनी मुळातूनच पाहावी. या कामाचा वेळ ठरलेला नव्हता. एक माणूस नेमणुकीचा असला तरी बोलावणे साऱ्या घराला असे. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याचसाठी. ते पुढे गेले नाही. महार वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८ च्या कायद्याने. म्हणजे १९४२ ते १९४६ या चारही वर्षांत, ज्या रात्री नाना पाटलांची माणसे वाळवे, तासगाव, खानापूर तालुक्यांतून चालत होती त्या प्रत्येक रात्री, वेशीवर कायद्याने बसवलेला एक माणूस होता आणि या माणसांची वर्दी देणे हे त्याचे कर्तव्य होते.

त्याची कोंडी नीट पाहिली पाहिजे. तो सरकारचा नोकर, पण सरकार त्याला पगार देत नव्हते. पोट गावाच्या बलुत्यावर. ज्या कुणब्याच्या खळ्यावर त्याची पेंढी अवलंबून, त्याचाच मुलगा तुफान सेनेत. वर्दी दिली तर गाव बलुते तोडणार, खळ्यावर उभे करणार नाही. वर्दी दिली नाही आणि पुढे उघडकीला आले तर वतन जाणार, फौजदाराच्या बुटाची लाथ आधी त्यालाच. पाटील मात्र मधल्या मध्ये 'मला कोणी सांगितलेच नाही' असे म्हणून मोकळा होऊ शकत होता. सांगण्याचे काम ज्याचे, दोषही त्याचाच.

आणि दुसऱ्या बाजूला पत्री होती. खबर देणाऱ्याच्या, सावकारी करून नाडणाऱ्याच्या, दरोडेखोराच्या तळपायांवर मार. बैलाला पत्री ठोकतात तशी. त्यावरूनच प्रतिसरकारला लोक पत्रीसरकार म्हणू लागले. माझ्या वाचनातल्या सर्व कथांत हा भाग मोठ्या चवीने सांगितलेला आहे. गुंडाला शिक्षा झाली, गाव निर्धास्त झाले. आणि पुष्कळ ठिकाणी ते खरेच होते. पण त्या कथांत 'खबऱ्या' हा शब्द शिवी म्हणून येतो, आणि ज्याला खबर देणे पिढीजात लादलेले होते त्याचा विचार त्या शब्दाने झाकला जातो. ज्याने पैशासाठी खबर विकली तो आणि ज्याला वतनाने खबर देण्यास बांधले तो, या दोघांत भेद करण्याइतका वेळ बंडाला नसतो. तो इतिहासाला असायला हवा.

माझ्या आजोबांकडे तराळकी होती. त्या वर्षांविषयी घरात फार बोलले जात नसे. भाषणात सांगण्यासारखे त्यात काही नव्हते. एकदा मात्र ते म्हणाले, "लांबनं मानसं दिसली की खोकायचं. जोरात खोकायचं. म्हंजी त्यास्नी कळायचं की हितं राखन हाय, ती वळून जायाची. अन् आपुन तर काय बघितलंच न्हाई." मी विचारले, तुम्ही त्यांच्या बाजूचे होता का? त्यांना प्रश्नच कळला नाही. "बाजू?" म्हणाले, "सकाळी चावडीवर जायाचं असायचं."

या खोकल्याची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नाही. तो स्वातंत्र्यसैनिकाच्या सन्मानपत्राला पात्र नाही आणि गद्दारीच्या आरोपालाही नाही. परंतु गावोगावच्या वेशींवरून असे किती खोकले गेले असतील, आणि ते गेले नसते तर त्या रात्रीच्या वाटा किती दिवस मोकळ्या राहिल्या असत्या, हा विचार प्रतिसरकारच्या इतिहासकाराला टाळता येत नाही. तुफान सेनेची शिस्त, पुढाऱ्यांचे धैर्य, शेतकऱ्यांची भाकरी ही तीन कारणे आपण यशासाठी देतो. चौथे कारण म्हणजे ज्यांनी बोलायचे ते बोलले नाहीत.

रामोशी आणि मांग यांची गोष्ट याहून बिकट. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ नंतर तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येऊ लागला, आणि १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. त्या कायद्याखाली हजेरी असे. माणसाने काही केलेले असो वा नसो, जन्मावरून गुन्हेगार, म्हणून चावडीत हजर राहायचे. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी याच मुलखाची 'फकिरा' लिहिली, १९५९ मध्ये. ती बाबासाहेबांना अर्पण केलेली आहे. फकिरा काय करतो? दुष्काळात माणसे मरू लागतात तेव्हा धान्य लुटून वाटतो, सरकारी खजिना लुटतो, हजेरीविरुद्ध उभा राहतो. शेवटी आपली माणसे वाचावीत म्हणून स्वतःहून हजर होतो.

हे खोरे तेच. कृष्णा-वारणेच्या मधले. खजिना लुटणे तेच. १९४३ ला शेणोलीत तो लुटला तर आपण त्याला क्रांतिकार्य म्हणतो, आणि ते योग्यच आहे. त्याआधी एका मांगाने लुटला तर सरकारी कागदात तो दरोडा, आणि गावच्या बोलण्यातही बराच काळ दरोडाच. अण्णाभाऊंना कादंबरी लिहावी लागली, कारण त्यांच्या माणसाला इतिहास मिळालेला नव्हता. पाकेनहॅम यांना जी प्रसंग उभा करण्याची हातोटी कागदांच्या ढिगामुळे साधली, ती अण्णाभाऊंना कागदाशिवाय साधावी लागली. त्यांच्याजवळ आजी-आईच्या तोंडच्या गोष्टी होत्या. फकिराच्या पायाखालची वाट, रात्रीचा वारा, घोड्याची टाप आपल्याला ऐकू येते. परंतु इतिहासाचा प्राध्यापक अजूनही म्हणणार, ती कादंबरी आहे. आणि भूमिगतांच्या आठवणी पन्नास वर्षांनी सांगितलेल्या असल्या तरी तो त्यांना साधन म्हणणार. हा भेद कोणत्या नियमाने होतो, ते आपल्या विद्यार्थ्यांनी त्याला वर्गातच विचारावे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दलितांचे राजकारण १९४२ मध्ये वेगळ्या वाटेने चालले होते ना? होय. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. महार रेजिमेंट आदल्या वर्षी बेळगावला उभी राहिली होती. 'चले जाव'ला बाबासाहेबांचा पाठिंबा नव्हता. यावरून 'तुम्ही तेव्हा कोठे होता' असा प्रश्न आम्हाला अजूनही टाकला जातो, कधी उघड, कधी स्मारकाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडताना.

या प्रश्नाला मी भूगोलाने उत्तर देतो. शेणोली हे स्टेशन कऱ्हाडच्या पलीकडे आणि मसूर हे अलीकडे, एकाच लोहमार्गावर. १९०१ साली मसूरच्या फलाटावर साताऱ्याहून आलेली चांगल्या कपड्यांतली मुले वडिलांकडे गोरेगावला जायला गाडी मिळेल म्हणून थांबली होती. जात कळल्यावर कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. त्या मुलांत भीमराव होता. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या गाडीवानाच्या पिढीची मुले-नातवंडे १९४३ मध्ये त्याच मार्गावर इंग्रजांची गाडी अडवीत होती. त्यांचे शौर्य खरे, आणि मसूरची रात्रही खरी. दोन्ही एकाच इतिहासात लिहिता येत नसतील तर त्या इतिहासाची बैठक आखूड आहे.

काही अभ्यासकांनी ती रुंद करण्याचा प्रयत्न केला. कासेगावात राहून काम केलेल्या गेल ऑम्वेट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात प्रतिसरकारचे नाते सत्यशोधक परंपरेशी आणि शेतकरी वर्गाशी जोडून दाखवले. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वतः त्या लढ्यातल्या, त्यामुळे बायकांची बाजू त्यांना घरातच ऐकायला मिळाली. अलीकडे, २०२२ मध्ये, पी. साईनाथ यांनी तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ आणि इतर सामान्य सैनिकांच्या मुलाखती पुस्तकरूपाने आणल्या. हे सारे मोलाचे आहे. पण बोलणारा जो असतो त्याने लढ्यात भाग घेतला होता, हे त्या कामात आधीच ठरलेले असते. वेशीवरच्या माणसाला कोणी काय विचारायचे? तू लढलास का, असे विचारले तर तो नाही म्हणेल आणि मुलाखत संपेल.

म्हणून प्रश्न बदलले पाहिजेत. त्या वर्षी बलुते पुरे मिळाले का? गस्त कोणत्या वाटेने घालत? फौजदार आला की आधी कोणाला बोलावी? न्यायदान मंडळात पंच कोण बसे, आणि महारवाड्यातली फिर्याद तेथे गेली तर फिर्यादी ओसरीवर बसे की अंगणात? गांधी-लग्नाच्या पंगतीत पाने कशी मांडली होती? त्या पिढीतली माणसे आता जवळजवळ गेली. त्यांच्या सुना-मुलींनी ऐकलेले मात्र अजून आहे. शिवाय कागदही आहेत, फक्त ते 'स्वातंत्र्यलढा' असे लिहिलेल्या कपाटात नाहीत. वतनाचे तंटे, महाराने काम केले नाही म्हणून केलेल्या तक्रारी, हजेरीची बुके, वतन जप्तीचे हुकूम, हे महसूल आणि पोलीस खात्यांच्या जुन्या दप्तरांत शोधायचे. सातारा, सांगलीच्या महाविद्यालयांतले आपले विद्यार्थी दर वर्षी क्रांतिदिनाला वक्तृत्व स्पर्धेत तुरुंग फोडल्याचा प्रसंग हातवारे करून सांगतात. त्यांतल्या चौघांनी एका तालुक्याची १९४२ ते १९४६ ची वतन-प्रकरणे जरी वाचली, तरी पुष्कळ काही हाती लागेल.

मी स्वतः सुरुवात घरापासून केली आहे. आजोबांच्या गस्तीची वाट मी नकाशावर आखली. वेशीपासून ओढ्यापर्यंत, तिथून मळ्याच्या बांधाने मारुतीच्या पाठीमागे, आणि परत. त्यांना पारावर बसायची मुभा नव्हती म्हणून वाट पाराला वळसा घालून जाते. भूमिगत ज्या वस्तीवर उतरत म्हणून आज गावात सांगितले जाते, ती वस्ती या वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहे.